कलमी गाव

गणपतीच्या दिवसांत आरती संपली, प्रसाद वाटून झाला, की आमच्याकडे ओटीवर एक विषय हटकून निघतो. रत्नागिरी आता आपली राहिली नाही. जेटीवर नेपाळी, आंब्याच्या बागेत नेपाळी, बांधकामावर बिहारी, बाजारात घाटावरचे, आणि समुद्र दिसेल अशा प्रत्येक प्लॉटला पुण्या-मुंबईच्या माणसाचं कुंपण. हे म्हणणारा बहुधा दोन दिवसांपूर्वी गाडीतून उतरलेला चाकरमानी असतो. मग गावात राहणारा कुणीतरी उसळतो: कामाला माणूस मिळत नाही ते तुला काय ठाऊक, आणि एखादा प्रकल्प यायचा म्हटला की तुम्हीच पहिले आडवे! पुढच्या अर्ध्या तासात एक बाजू 'मूळ रत्नागिरीकर' हा शब्द दहा वेळा वापरते, दुसरी 'विकास' हा शब्द दहा वेळा, आणि या दोन्ही शब्दांचा अर्थ काय हे कुणी कुणाला विचारत नाही. शेवटी पानं मांडली जातात म्हणून वाद थांबतो. हाच वाद नगरपालिकेच्या निवडणुकीत होतो तेव्हा मात्र पानं मांडायला कुणी नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'मूळ रत्नागिरीकर कोण' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण हे शहर आलेल्या आणि गेलेल्या माणसांनी घडवलेलं आहे. राहता राहिला बिघडण्याचा मुद्दा. शहराचं काही बिघडतं आहे हे मलाही दिसतं. पण त्याचं कारण आपण आलेल्यांत शोधतो, आणि ते बरंचसं गेलेल्यांत आहे. म्हणजे आपल्यातच.

मुळाची गोष्ट काढलीच आहे तर थोडं मागे जाऊ. मध्ययुगात या किनाऱ्यावर नाव होतं ते दाभोळचं, पुढे राजापूरचं. सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती राजापूरला. रत्नागिरीला होता तो किल्ला, त्याच्या आडोशाचं बंदर, आणि खाडीच्या कडेकडेने भंडारी, खारवी, दालदी यांच्या वाड्या. किल्ला बहामनींच्या काळातला, मग आदिलशाहीचा, १६७० साली शिवाजी महाराजांनी घेतलेला, १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेलेला. तेव्हाही दक्षिण कोकणाचं ठाणं बाणकोटला होतं. ते १८२२ साली रत्नागिरीला हलवलं. कचेरी आली, पाठोपाठ न्यायालय, तुरुंग, शाळा; १८२८ साली वाचनालय आलं, १८७६ साली नगरपालिका. आज आपण ज्याला शहर म्हणतो ते मुळात एका सरकारी बदलीचं फळ आहे. या बदलीबरोबर कारकून आले, वकील आले, मास्तर आले, वाणी आले. त्या वेळी पेठकिल्ल्यातल्या कुणा नाखव्याने 'हे बाहेरचे कोण?' असं विचारलं असेल तर त्याची नोंद कचेरीत नाही. कचेरीत नोंदी करणारेही बाहेरचेच होते.

त्या मास्तरांपैकी एक गंगाधरपंत टिळक. घराणं दापोलीजवळच्या चिखलगावचं, नोकरी रत्नागिरीला. त्यांच्या घरी १८५६ साली मुलगा झाला, आणि १८६६ साली वडिलांची पुण्याला बदली झाली तेव्हा तोही गेला. म्हणजे लोकमान्य रत्नागिरीत राहिले ते आयुष्याची पहिली दहा वर्षं. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला, तीस वर्षं. सावरकर नाशिकजवळच्या भगूरचे, इथे स्थानबद्ध होते १९२४ ते १९३७, तेरा वर्षं. येणाऱ्या पाहुण्याला रत्नागिरी दाखवायची म्हणजे आपण त्याला टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस आणि पतितपावन मंदिर दाखवतो. जन्म, वंश आणि सातबारा ही मूळपणाची कसोटी मानली तर या तिघांतला कोण पास होतो? आणि इथल्या वास्तव्याचीच वर्षं मोजायची म्हटली तर पहिला नंबर मंडालेच्या राजाचा लागतो. टिळक आळीत हे मोठ्याने बोलू नये, पण हिशेब हिशेब आहे.

इंग्रजांनी थिबाला आणि सावरकरांना इथेच का ठेवलं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. रेल्वे नाही, घाट उतरून यायचा रस्ता बिकट, बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहणार आणि पडावातून उतरायचं, पावसाळ्यात तेही बंद. ज्या गावातून बाहेर पडणं कठीण ते गाव कैद्याला उत्तम. आणि नेमक्या याच काळात इथली सामान्य माणसं हजारोंनी बाहेर पडत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. तेव्हाचा जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही धरून. गिरण्या, गोदी, पोलीस, घरकाम, टपाल. सरकार ज्यांना धरून आणत होतं ते येत होते, आणि ज्यांना पोटाची ओढ होती ते जात होते. पतितपावन मंदिर या दोन प्रवाहांच्या संगमावर उभं आहे असं मला नेहमी वाटतं. कल्पना सावरकरांची, म्हणजे बळजबरीने आणलेल्याची. पैसा भागोजीशेठ कीरांचा, म्हणजे इथल्या गरिबीतून मुंबईला जाऊन बांधकामाची कंत्राटं घेत मोठ्या झालेल्या भंडारी माणसाचा. १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असलेलं ते मंदिर झालं. अमुक एका 'मूळ' रत्नागिरीकराने ते बांधलं असं म्हणायची सोय नाही.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. राजे आणि पुढारी हे अपवाद, त्यांच्यावरून रोजच्या माणसाचा न्याय कसा करणार, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. थिबा आला तेव्हा कुणाची मजुरी पडली नाही, उलट त्याच्या उधळपट्टीवर चार सावकार मोठे झाले असतील. आज हजारो माणसं येतात, खोल्यांची भाडी चढतात, पाण्याचे टँकर वाढतात. समुद्राकडची जमीन इतकी महाग झाली आहे की इथे वाढलेल्या, इथेच नोकरी करणाऱ्या पोराला दोन गुंठे घेणं स्वप्नात जमणार नाही. सागरी सुरक्षेचाही मुद्दा आहे. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून, पळवलेल्या मासेमारी बोटीतून आले होते. तेव्हा बोटीवर कोण चढतो याची नोंद हवी, ओळखपत्र हवं, या मागणीत परकेपणाचा द्वेष शोधणं हा शहाजोगपणा झाला. आणि भाषेबद्दलची धास्तीही मला खोटी वाटत नाही. दुकानात शिरल्यावर समोरच्याने हिंदीत बोलायला सुरुवात करावी आणि आपणही मुकाट्याने हिंदीत उत्तर द्यावं, यात काहीतरी निसटतं हे खरंच.

पण ही प्रत्येक तक्रार थोडी उकरून पाहिली की खाली आपलंच नाव सापडतं. गर्दीचंच घ्या. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना ऐंशी हजारांहून अधिक माणसं जिल्ह्यातून वजा झाली. दर हजार पुरुषांमागे बायका १,१२२. मुलींचा जन्म इथे जास्त साजरा होतो म्हणून हा आकडा आलेला नाही; पुरुष मुंबईत आहेत म्हणून आला आहे. शहर तेवढं सत्तर हजारांवरून शहात्तर हजारांवर गेलं, तेही आसपासची गावं रिकामी होत असताना. बाहेरून येणारा माणूस भरलेल्या घरात घुसत नाही, तो रिकाम्या जागेत येतो. बागेत गुरखा का ठेवावा लागतो? डिसेंबरापासून जूनपर्यंत बागेत राहणारा, रात्री वानरं नि चोर हाकणारा, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा घरचा माणूस नाही म्हणून. बोटीवर नेपाळी खलाशी का? मालक इथला, तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्याही बहुधा इथला, पण जाळं ओढायला इथली पोरं तयार नाहीत म्हणून. तयार नाहीत यात त्यांची चूक आहे असंही मी म्हणत नाही. बापाने समुद्रात हाडं झिजवून पोराला शिकवलं ते त्याने परत जाळं ओढावं म्हणून नव्हे. फक्त आपण सोडलेल्या जागी दुसरा उभा राहिला, तर त्याने ती बळकावली असं म्हणू नये.

माशांचंही तेच. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर कुणाशीही बोला, मासळी कमी झाली हे दुःख सगळ्यांचं एक आहे. कर्नाटकातल्या मलप्यासारख्या बंदरांतून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरांनी आपल्या हद्दीत घुसून जाळी फाडावीत, हा अन्याय आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण खरी कडू भांडणं पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं वापरणारे, यांच्यात आहेत, आणि ते दोघेही याच किनाऱ्यावरचे, कधीकधी एकाच वाडीतले, एकाच मशिदीत किंवा एकाच देवळात जाणारे. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीवर बंदी घातली. या निर्बंधांना बगल देणारा मालक 'स्थानिक' असेल तर लहान पिल्लं जाळ्यात कमी अडकतात काय? समुद्राला आधारकार्ड कळत नाही.

जमिनीचा मुद्दा सर्वांत नाजूक, म्हणून तिथे थोडं थांबतो. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही. कायदा आहे, जुना आहे. तरी जमिनी जातात. कशा? सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, दोघं-तिघं परदेशात, चुलत्यांचं एकमेकांशी बोलणं बंद. अशा सामायिक जमिनीची वाटणी कधी होत नाही, पण गिऱ्हाईक आलं की तीसही सह्या महिनाभरात होतात. दलालही गावचाच असतो. जी भाऊबंदकी दोन पिढ्यांत पाखाडीच्या चार पायऱ्या दुरुस्त करू शकली नाही ती खरेदीखताच्या वेळी अशी एकदिलाने उभी राहते की पाहत राहावं. शिवाय 'वाडवडिलांची जमीन' हे शब्द तरी किती जुने? खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमिनीवरची सत्ता, रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मांडलं, कायदा झाला १९४९ साली, आणि कुळांना मालकी देणारा कूळकायद्याचा दिवस उजाडला १ एप्रिल १९५७ रोजी. त्याआधी या जिल्ह्यातला बहुसंख्य कष्टकरी स्वतः कसत असलेल्या जमिनीचा मालक नव्हताच. ज्यांच्या आज्यांनी खोताच्या घरी वेठ केली त्यांना जमिनीचं मोल अधिक कळायला हवं, हे मान्य. पण मग ती विकताना ते मोल आठवावं.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांचाही एक कान धरायला हवा. 'रत्नागिरीने नेहमीच सगळ्यांना सामावून घेतलं' असं एक गोड वाक्य या वादात दुसऱ्या बाजूने फेकलं जातं. ते खोटं आहे. या शहराच्या वाड्या जातींच्या होत्या आणि अजूनही बऱ्याच अंशी आहेत. जो तो आपल्या वाडीत, पाणवठा वेगळा, पंगत वेगळी. या अंतरालाच आपण सलोखा म्हणत आलो. सहभोजनं घडवून आणावी लागली, अस्पृश्यांसाठी देवळाची दारं उघडली नाहीत म्हणून नवं मंदिर बांधावं लागलं, आणि त्याला इथल्याच प्रतिष्ठितांनी विरोध केला. सामावून घेणारं गाव असतं तर पतितपावनची गरज काय होती?

थिबाच्या घरात काय झालं तेही पाहा. त्याच्या थोरल्या मुलीचं राजवाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या चाकराशी नातं जुळलं, मुलगी झाली. राजा वारल्यावर १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, आणि ही थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. ती मुलगी, टुटू, इथेच वाढली, मराठी बोलली, इथल्याच एका माणसाशी लग्न करून गरिबीत संसार करत म्हातारी झाली. तिला कुणी समारंभाने रत्नागिरीकर करून घेतलं नाही, आणि कुणी हाकललंही नाही. शेजारणींनी मीठ-मिरची उसनी दिली-घेतली असेल, नळावर भांडणं झाली असतील. आजोबांच्या समाधीला नमस्कार करायला २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष आले तेव्हा ती हयात नव्हती. मला या शहराचा स्वभाव तिच्या आयुष्यात दिसतो: मोठ्या मनाचा नाही, मायेचा आवही नाही, पण बाजूच्या खोलीत राहायला लागलेल्या माणसाची हळूहळू सवय होणारा.

तरीही बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला माना डोलवाव्यात असं यातून निघत नाही. १९९३ साली स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना रत्नागिरीच्या लोकांनी परतवला, आणि तो वाद कसा लढला गेला ते आज विसरायला झालं आहे. आंबा बागायतदार विचारत होते की धुरातल्या गंधकाचं मोहोरावर काय होईल, सांडपाणी कुठल्या खाडीत जाईल, मासळीचं काय. मालक कुठल्या प्रांताचा यावर आंदोलन उभं राहिलं असतं तर कंपनीने दोन स्थानिक संचालक नेमून ते मोडलं असतं. प्रश्न धुराचा होता, म्हणून उत्तर देता आलं नाही. कारखाना तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे त्याच तक्रारींवरून २०१८ साली मोर्चा निघाला, पोलीस गोळीबारात तेरा माणसं मेली, आणि कारखाना बंद झाला. कारखाना परतवला तेव्हा रत्नागिरीकरांना विकासविरोधी म्हणणारे लोक होते, त्यांतले काही आजही ओटीवर असतात. कोण आला यापेक्षा आलेल्याने काय केलं हे विचारणं जास्त कठीण असतं, कारण त्यासाठी माहिती लागते. आणि तोच प्रश्न उद्या आपल्या स्वतःच्या चुलत्याच्या चिरेखाणीला, बेकायदा बांधकामाला, ओढ्यात सोडलेल्या गटाराला विचारावा लागतो. बहुतेकांची अडचण तिथे आहे.

भाषेचंही याच कसोटीवर घासून पाहू. शहराच्या आजूबाजूच्या मराठी शाळांत आज कित्येक ठिकाणी पटावर दिसतात ती मजुरांची, खलाशांची, बागेतल्या राखणदारांची मुलं. नेपाळी आईबापांची पोरं 'ये गं ये गं सरी' म्हणतात. मराठीच्या काळजीने रात्री झोप न येणाऱ्या आमच्या नात्यातल्या मंडळींची मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमधून त्याच शाळेवरून पुढे जातात. पट कमी म्हणून ती मराठी शाळा बंद व्हायची पाळी आली तर ती ज्यांच्यामुळे वाचेल ते कोण असतील? मला टोमणा मारायचा नाही. माझ्या घरातही तेच झालं आहे.

शिवाय मूळपणाचं हे शस्त्र दुधारी आहे. मुंबईत कोळीवाड्यातल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी गिरणगावाकडे बोट दाखवून 'ही रत्नागिरीची माणसं आली आणि आमची मुंबई आमची राहिली नाही' असं म्हटलं असतं, तर काय उत्तर होतं आपल्याकडे? एका खोलीत गावकीची तीस माणसं पाळ्यांनी झोपत होती, पोटमाळ्यावर ट्रंका, खानावळीचं जेवण, महिन्याला गावी मनीऑर्डर. आज मिरकरवाड्याजवळच्या खोल्यांत डोकावलं की तेच दिसतं, फक्त मनीऑर्डरच्या जागी मोबाइल आला आहे. आपले आजोबा ज्या खोलीत राहिले ती खोली आपल्याला ओळखू येऊ नये? खेड-दापोलीकडच्या कोकणी मुसलमानांनी केपटाउन गाठलं, पुढच्या पिढ्यांनी आखात गाठलं. अर्ध्या जिल्ह्याची कौलं या परमुलखातल्या पैशांनी शाकारली गेली. जगभर पाहुणे म्हणून जेवलेल्यांनी स्वतःच्या दारात मात्र 'पाहुण्यांना मनाई' अशी पाटी लावावी, हे गणित मला सुटत नाही.

आणि आपण ज्याच्या जिवावर एवढी मिजास करतो तो हापूस तरी कुठला? पोर्तुगीजांनी कलमं बांधायची विद्या आणली, त्यांच्या अफोन्सो दे अल्बुकर्कचं नाव झिजून झिजून हापूस झालं. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर रत्नागिरीचं नाव आहे आणि ते रास्तच आहे. कारण कातळ फोडून, माती बाहेरून आणून खड्डे भरणारी माणसं इथली होती. रायवळ आंब्याच्या कोयीवर हापूसची काडी बांधायची, दोन्हींचे काप नीट जुळले तर कलम जगतं. खाली मूळ गावठी, वर फळ आलेल्याचं. बागायतदार बाप कलमाला कधी विचारत नाही की तू मूळचं कुठलं. तो विचारतो धरतंय की नाही.

मग विचारायचं काय? माझ्या मते एवढंच, की तुझं दार वर्षातून किती महिने उघडं असतं, तुझा कचरा कुठे जातो, तुझ्या बोटीची, बांधकामाची, खोलीची नोंद आहे का. हे खलाशाला विचारावं, त्याच्या मालकाला विचारावं, पुण्याच्या प्लॉटवाल्याला विचारावं आणि ओटीवर बसून गाव हरवल्याचा शोक करणाऱ्या चाकरमान्यालाही विचारावं. बंद घराच्या अंगणात वाढलेल्या रानाने शेजाऱ्याची भिंत पाडली तर ते घर सात पिढ्यांचं आहे हे काही उत्तर होत नाही.

एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, पर्ससीनचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. गणपतीही त्याच सुमारास. त्यामुळे त्या दिवसांत कुवारबावच्या स्टेशनावर एक मजेशीर देखावा असतो. गाडीच्या एका डब्यातून मुंबईची माणसं उतरतात, मखराचं सामान, मिठाईचे खोके, मुलांच्या गळ्यात इअरफोन; दहा-पंधरा दिवसांचा मुक्काम. दुसऱ्या डब्यातून पाठीवर एकेक पिशवी घेतलेली नेपाळी पोरं उतरतात. ती आता थेट मे अखेरीला परत जायची. दोन्ही घोळके जिन्यावर एकमेकांत मिसळतात, थोडी धक्काबुक्की होते, कुणाचं तरी मखर दुमडतं. बाहेर रिक्षावाला दोघांनाही तेच विचारतो: कुठे सोडू?